सात छेदांची गाठ

राजिवड्यातल्या त्या घराची रीत जुनी. घरातला पुरुष जहाजावर निघाला की दोराची दोन टोकं पिळात पीळ घालून सांधायची, मग त्या कड्याचा गुंता करून दारावर टांगायचा. परतलेल्या माणसानं एक हिसका दिला की गुंता सुटतो आणि घर हसतं. यासीननं या खेपेला घाई केली. आई बिल्किस त्याच्या गळ्यात ताईत घालून मागचा दोरा टाके घालून बंद करत होती, आणि हा पठ्ठ्या खाली मान घालून भराभर दोर वळत होता.

तो गेल्यावर तिच्या ध्यानात आलं.

"आधी गाठ मारलीन, सांधा मागून केलान," ती लेकीला म्हणाली. "सुटंल काय गो ही?"

तूबा कॉलेजात गणित शिकवायची. गाठी हाच तिचा अभ्यासाचा विषय, पण घरात आजवर कुणी त्यातलं अक्षर विचारलं नव्हतं. ती खुललीच. गणितातली गाठ अशीच असते, टोकं जोडलेली. कापायचं नाही, फक्त ओढायचं, सरकवायचं. दोर स्वतःला ओलांडतो ते छेद. कमीत कमी किती छेद उरतात, त्यावरून गाठीची जात ठरते. तीन छेदांची एकच, चारची एक, पाचच्या दोन, सहाच्या तीन, सातच्या सात. यासीनची गाठ सातातली चौथी निघाली.

मग तिनं तीन रंगांचे खडू आणले. वरच्या दोराखाली जाताना खालच्याचा रंग बदलता येतो, पण प्रत्येक छेदापाशी तिन्ही रंग वेगळे हवेत, नाहीतर एकच. लाल, निळा, पिवळा असे तिन्ही वापरून हे जमलं, की गाठ खरी. जन्मभर सरकवली तरी साधं कडं व्हायची नाही.

जमलं.

"नाही सुटायची!" तूबा टाळी वाजवून म्हणाली, आणि आईचा चेहरा पाहून तिनं जीभ चावली. "मां, आपण कापूया ना."

"गप! कापली म्हंजे पोराला सोडला."

चौथ्या दिवशी यासीनच्या जहाजाचा संपर्क तुटला. कंपनीचा माणूस फोनवर 'शोध चालू आहे' म्हणायचा. बिल्किस जेवायची नाही, नुसती त्या दोराकडे पाहायची. तूबानं मधल्या सुटीत आपली सिद्धता पुन्हा पुन्हा तपासली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला स्वतःचं चुकलेलं हवं होतं. चूक सापडली नाही, आणि तिला रडू आलं.

चौदाव्या दिवशी ती भर दुपारी घरी आली. बिल्किस ओट्यावर बांगडे साफ करत होती. दारावर दोर लोंबत होता, पार खाली, उंबऱ्यापर्यंत.

साधं कडं.

तूबानं ते उतरवलं. सांधा जसाच्या तसा, एकही पीळ हललेला नाही. खडूचे तिन्ही रंग जागच्या जागी होते.

"कुणी हात लावला याला?"

"कोण लावील? मी हितंच हाय."

फोन वाजला.

"मां! वाचलो! सगळेच्या सगळे वाचलो!"

बिल्किस मासळीच्या हातांनीच गल्लीत धावली. "माझा यासीन आला! माझा यासीन जिंकला!" अख्खी आळी दाराशी जमली. तूबाही ओरडत होती, हसत होती. हरलं तर हरलं गणित! कडं डोक्यावर धरून ती नाचली.

महिन्यानं यासीन आला. सांदणांची ताटंच्या ताटं फिरली. त्यानं कड्याला हिसका दिला आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

"केबिनचं दार अडकलं होतं, आपा," तो मग हळूच म्हणाला. "पाणी इथवर आलं. आणि दार आपोआप सुटलं, भर दुपारी."

'इथवर' दाखवताना त्याचा हात ताइताला लागला. ताईत छातीवर रुळायचा. आता गळ्यालगत होता.

तूबानं त्याची कॉलर सरकवली. आईचे टाके शाबूत होते. त्यांच्याशेजारी काळ्या दोऱ्याची एक घट्ट, बारीक गाठ बसली होती.

तिनं छेद मोजले. सात.

"थोडा आवळतो, एवढंच," यासीन म्हणाला. "रोज थोडा."

तिनं कातर उचलली. दारातून बिल्किस ओरडली, "कापू नको गो!"