बंद नळ

प्रेम रक्तातच असावं लागतं, असं मोठी माणसं सांगून गेली आहेत. प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या त्या कॉलेजात रक्तात काय काय असतं याची एकशे चाळीस पानं शिकवत, आणि त्यांत प्रेम नव्हतं. परीक्षेला न येणाऱ्या भागातसुद्धा नव्हतं.

कॉलेजच्या फाटकावर ‘शिका आणि लगेच कमवा’ असं लिहिलेलं होतं. फी किती ते आत गेल्यावर सांगत.

तिची फी मामा भरत होता. मामा माणूस वाईट नव्हता. फक्त प्रत्येक हप्त्याची आठवण तो आपल्या बहिणीला, म्हणजे तिच्या आईला, नेमकी जेवताना करून देई, आणि आईला मग भूक नसे. मुलगी नापास झाली तर तिने मामाच्या फरशांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, हे ठरलेलं होतं. मामाने खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. ‘पास झाली तर गिऱ्हाइकांना होईल,’ असं तो म्हणे.

अडचण हाताची होती. पुस्तकात ती पहिली, पण सुई धरली की हात कापायचा. शेवटच्या प्रात्यक्षिकाला बसायचं तर जिवंत माणसाच्या नसेतून तीस वेळा रक्त काढून दाखवावं लागे, आणि प्रत्येक वेळी वहीत लॅबच्या मॅडमची सही. मुलंमुली एकमेकांना हात उसने देत आणि परत घेत. तिने पहिल्या महिन्यात दोघांचे हात काळेनिळे केले. वर्गाने तिचं नाव ‘भूकंप’ ठेवलं आणि बाह्या खाली केल्या. सह्या अकरावर थांबल्या. परीक्षा सहा आठवड्यांवर होती.

वर्गात आणखी एक नाव प्रसिद्ध होतं... ‘बंद नळ’. त्या मुलाच्या नसा अशा होत्या की आंधळ्याने सुई टोचली तरी रक्त यावं. पण हा पठ्ठ्या कोणाला हातच लावू देत नसे. भर उन्हाळ्यात पूर्ण बाहीचा शर्ट. स्वतःचे तीस हात त्याने इतरांची जर्नल्स लिहून देऊन मिळवले होते. कंजूष म्हणून तो बदनाम होता, आणि त्याने ते कधी खोडून काढलं नाही. कारण खरं कारण त्याहून वाईट दिसलं असतं.

तो ट्रायलला जायचा. नवी औषधं बाजारात येण्याआधी निरोगी माणसांना देऊन बघतात, ती ही ट्रायल. दर तीन महिन्यांनी दोन दिवस पडून राहायचं, एक गोळी गिळायची, वीस वेळा रक्त द्यायचं. मिळणाऱ्या पैशांत एका सत्राची फी निघे. अट एवढीच, की निवडीच्या दिवशी हातावर सुईची ताजी खूण नको. खूण दिसली की केंद्रवाले समजत, हा दुसऱ्या शहरात जाऊनही गोळ्या गिळतो, आणि बाहेर काढत. थोडक्यात, त्याचा हात हीच त्याची शेती, नोकरी आणि मामा होता.

एका दुपारी तो विसरलेलं जर्नल घ्यायला लॅबमध्ये गेला. ती एकटीच होती. समोर कॉलेजचा रबरी हात होता, आणि सुई आरपार गेल्यावर ती त्याला “सॉरी” म्हणत होती.

“त्याला लागत नाही,” तो दारातून म्हणाला.

“मला लागतं.”

इथे बाहेर पाऊस असता तर बरं झालं असतं. पण लॅबच्या खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती. आत स्पिरिटचा वास होता, पंखा कुरकुरत होता, आणि तो बाही दुमडत होता. का दुमडली, याची पुढे त्याने तीन वेगवेगळी कारणं सांगितली. एकही पटण्यासारखं नव्हतं.

“तू तर बंद आहेस ना?” तिने विचारलं.

“ठिबकतो कधीकधी.”

तिने पट्टा बांधला. सुई शिरली, आणि नळीत गडद लाल रक्त आलं. ती त्या नळीकडे बघत राहिली आणि तो तिच्याकडे. सुई काढून तिने कापूस दाबला.

“दुखलं?”

“नाही.”

“खरं सांग.”

“खरं सांगितलं तर उद्या येणार नाहीस.”

ती हसली. मग म्हणाली, “आता तू धर कापूस.”

“दोन मिनिटं दाबून धरायचा असतो. पुस्तकात आहे.”

“पेशंटने धरला तरी चालतो, हेही पुस्तकात आहे.”

“तेवढं पान मी वाचलं नाही.”

तिने घड्याळात बघून दोन मिनिटं धरला. नंतर नंतर तिने घड्याळात बघणं सोडलं.

मॅडम भरलेली नळी बघून सही करत. तीन आठवड्यांत चौदा सह्या झाल्या. एक दिवस डावा हात, एक दिवस उजवा. त्याने गुपचूप हिशेब मांडला होता. खुणा दहा दिवसांत जातात, ट्रायलची निवड परीक्षेच्या आदल्या आठवड्यात होती, तेव्हा अमुक तारखेला थांबायचं. त्या तारखेला तो थांबला. तिला म्हणाला, आता तुझा हात बसलाय, बाकीच्यांचे घे. फी कशी भरतोस, असं तिने मध्ये विचारलं होतं, तेव्हा कंपनीत काम करतो म्हणाला होता. कसलं? तर पडून राहायचं. तिला तो विनोद वाटला.

तिचा हात खरंच बसला होता. पण एकदा भूकंप म्हणून नाव झालं की जमिनीवर कोणी विश्वास ठेवत नाही. दोन मैत्रिणींनी डोळे मिटून एकेक हात दिला. वह्या जमा करण्याची शेवटची दुपार आली तेव्हा तीन सह्या कमी होत्या. मॅडम कपाटाला कुलूप लावायच्या बेतात होत्या. ती बाकावर रिकामी सुई घेऊन बसली होती. रडत नव्हती. मामाच्या खुर्चीला गादी आहे का, एवढंच आठवायचा प्रयत्न करत होती.

त्याची निवड दुसऱ्या दिवशी सकाळी आठला होती.

तो येऊन समोर बसला आणि त्याने दोन्ही बाह्या दुमडल्या. तिने तीन वेळा सुई घातली. तिन्ही वेळा पहिल्याच फटक्यात. मॅडमनी तीन सह्या केल्या आणि वही कपाटात टाकली.

“झाले तीस,” ती म्हणाली. “आता तुझा हात नको मला.”

“बरं.” तो बाही खाली करू लागला.

“बाकीचा चालेल.”

त्याला समजायला थोडा वेळ लागला... पुस्तकात तो पहिल्यापासून बेताचाच होता.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला तो केंद्राच्या बाहेर होता. चार दिवसांनी, फी न भरल्यामुळे परीक्षेला बसता येणार नाही अशांची यादी फलकावर लागली. त्यात त्याचं नाव बघून तिने त्याला गाठलं, आणि पडून राहायचं काम म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं.

“एकाच मुलीने काढलंय, शिकण्यासाठी, असं सांगितलं नाहीस?”

“सांगितलं. सिस्टर म्हणाली, सगळे असंच सांगतात.”

ती मामाकडे गेली. मामाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मी भाची शिकवायला घेतलीय. वर्ग नाही.” त्याच्या परीने ते बरोबर होतं.

तिने प्रात्यक्षिक दिलं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, इतका स्थिर हात वर्षात पाहिला नाही. ती कॉलेजात दुसरी आली आणि तिचा फोटो फाटकावर, ‘लगेच’ या शब्दाच्या बरोबर खाली लागला. नोकरीही लगेच मिळाली. त्याच ट्रायल केंद्रात, निवडीच्या टेबलावर, फॉर्म भरून घ्यायची.

तो गोदामात खोकी उचलू लागला. मिळेल तेव्हा खायचं, जागा होईल तिथे झोपायचं. रविवारी दोघं बस थांब्याच्या बाकावर बसत आणि एकही बस पकडत नसत. कॉलेजने शेवटची संधी दिली होती. पंधरा तारखेपर्यंत दंडासह फी भरली तर पुढच्या परीक्षेला बसता येईल, नाहीतर दोन वर्षं गेली. तेवढे पैसे एकाच ठिकाणी मिळण्यासारखे होते, आणि शहरात तसं केंद्र एकच होतं.

फॉर्मवर नववा प्रश्न असा होता, की इथे काम करणारं कोणी तुमच्या नात्यातलं किंवा जवळच्या ओळखीचं आहे का. ‘हो’ म्हटलं की माणूस बाद. रविवारी तिने त्याला हे सांगून ठेवलं, तेव्हा दोघंही खूप हसली.

तो निवडीला आला त्या दिवशी तिच्या मागे केंद्राचे साहेब उभे होते.

“नाव सांगा.”

त्याने सांगितलं. पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं तिने लिहिलं.

“लग्न झालंय तुमचं?”

“नाही. पण...”

“‘पण’ लिहायला जागा नाही.”

“मग नुसतं नाही लिहा.”

तिने लिहिलं. त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. एकही खूण नव्हती. मग नववा प्रश्न आला. तो तिने खाली बघून वाचला, पण उत्तर येईना म्हणून वर बघावं लागलं.

तो तिच्याकडेच बघत होता.

“नाही,” तो म्हणाला. “इथे माझं कोणी नाही.”

“नक्की ना?” साहेबांनी मागून विचारलं.

“हो. मी यांना आज पहिल्यांदा बघतोय.”

तिने ‘नाही’समोर खूण केली, सही केली आणि फॉर्म पुढच्या टेबलाकडे सरकवला. तिथल्या मुलाने त्याचं रक्त घेतलं. ती पुढच्या माणसाला नाव विचारू लागली. त्याने सांगितलेलं नाव तिला दोनदा विचारावं लागलं.

चाळीस मिनिटांनी रिपोर्ट आला. ट्रायलसाठी हिमोग्लोबिन किमान साडेबारा लागतं. त्याचं अकरा पॉइंट नऊ होतं.