कढीपत्त्याचे निळे डबे

"मशीन भंगारात गेल्या म्हणे." वसुधामावशींनी पत्र टेबलावर आपटलं. "एकोणीस वर्षं काम केलंय मी त्यांच्यावर. भंगार असेल तो लिहिणारा."

अमेरिकेतल्या कॅरी गावी, मावशींच्या स्वयंपाकघरात सुलेखा राजाध्यक्ष पत्र वाचत होती. विम्याचे खोटे क्लेम पकडून कंटाळली आणि डिटेक्टिव्हचं लायसन्स काढून बसली, अशी ही बाई. सोबत बाळकाका, रिटायर्ड डॉक्टर. गाडी चालवायची आणि चुकीचे निष्कर्ष काढायचे, ही दोन कामं त्यांनी आपणहून अंगावर घेतली होती.

औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवणारी फॅक्टरी ऑक्टोबरात बंद पडली. पंच्याऐंशी माणसं घरी बसली. काम परदेशी गेलं असेल, तर सरकार नव्या शिक्षणाची फी भरतं आणि शिकेपर्यंत दर आठवड्याला भत्ता देतं. कंपनीने कळवलं की काम कुठेही गेलेलं नाही. ऑर्डर आटल्या, मशीन भंगारात विकल्या. झालं, सगळ्यांसाठी मावशींनी केलेला मदतीचा अर्ज सरकारने फेटाळला; हे त्याचंच पत्र. फेरविचार मागायची मुदत उद्या संपत होती.

"डायलिसिस टेक्निशियनच्या कोर्सला नंबर लागलाय माझा, त्रेपन्नाव्या वर्षी," मावशी म्हणाल्या. "ही मदत नाही मिळाली तर तो गेला. पण मी मुकाट्याने जाऊ देणार नाही."

"शेवटच्या दिवशी काय झालं?" सुलेखाने विचारलं.

"दसरा होता. दरवर्षी मी मशीनला कुंकू लावते, झेंडूचं फूल वाहते. आमचा मॅनेजर नकुल, मराठी मंडळात माझ्या डोळ्यांदेखत वाढलेला मुलगा. म्हणाला, मावशी, या वर्षी नीट निरोप देऊ, सगळ्या मशीन पुसून ग्रीस लावा. सहाही मशीनना बोटभर थर दिला मी. रडत रडत दिला."

बाळकाका खिडकीशी रमले होते. तिथे चार निळ्या डब्यांत कढीपत्ता लावला होता. "फेब्रुवारीतही काय टवटवीत आहे हो. आणि डबे कुठले?"

"त्याच ग्रीसचे. फेकून देत होते. धड डबा कोणी फेकतं का?"

सुलेखाने एक डबा फिरवून पाहिला. पुढे जहाजाचं चित्र, मागे बारीक अक्षरं आणि त्याखाली फॅक्टरीच्या नावाचं स्टिकर, तारीख तीन सप्टेंबर. तिने मावशींना तो डबा पिशवीत घेऊन सोबत यायला सांगितलं.

"भंगारवाल्याला पैसे चारलेत," काकांनी गाडीत बसताच निकाल दिला.

भंगारवाला म्हातारा गोरा गृहस्थ होता. त्याने पावती पुढे केली. वीस टन लोखंड, वजन त्याने स्वतः केलेलं.

"माल कसा होता?" सुलेखाने विचारलं.

"तुकडे करून आला होता. कोरडा, गंजलेला. धुळीने दिवसभर शिंकलो. आधी ते काय होतं, ते मी कधी विचारत नाही."

"बघ, सगळी उत्तरं पाठ आहेत त्याची," काका कुजबुजले.

फॅक्टरीच्या रिकाम्या ऑफिसात नकुल एकटाच खोकी भरत होता. मावशींना पाहून तो जरा चपापला.

"आय स्टूड देअर मायसेल्फ," तो म्हणाला. "दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी सहाच्या सहा मशीन कापून भंगाराच्या ट्रकवर लोड केल्या."

"आणि ग्रीस?"

"ती मावशींची पूजा होती. आय रिस्पेक्ट दॅट."

"काका, कोण खोटं बोलतंय?" सुलेखाने विचारलं.

"भंगारवाला. आता तर नक्कीच."

"तो एकटाच खरं बोलतोय. बोटभर ग्रीस लावलेली मशीन दुसऱ्या दिवशी कापली, तर हात काळे होतील, चिकट होतील. त्याला मात्र धुळीने शिंका आल्या. त्याच्याकडे गेलं ते दुसरंच गंजकं लोखंड, गोदामातले जुने रॅक वगैरे असतील. मशीन गेल्याच नाहीत."

"मग ग्रीस कशाला?" काकांनी विचारलं.

"पूजेला चिमूटभर कुंकू पुरतं. मावशी, डबा काढा." तिने मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. समुद्रमार्गे पाठवायच्या यंत्रांना खाऱ्या हवेने गंज चढू नये, यासाठी. "स्टिकरवरची तारीख बघ, नकुल. दसऱ्याच्या सहा आठवडे आधीच कंपनीने हे मागवलं होतं. मशीन पॅक कशाला करतोय असं कोणी विचारू नये, म्हणून तू दसरा पुढे केलास. डबे फेकायला सांगितलेस, तिथे फसलास. आता सरकार जहाजाचे कागद मागवेल, ते काय सांगतील?"

नकुल खुर्चीत बसला. "व्हिएतनाम," तो हळूच म्हणाला. "हेड ऑफिसने सांगितलं होतं." मग मावशींकडे वळला. "मावशी, अपील ड्रॉप करा. नवीन ऑफिसमध्ये तुम्हाला जॉब देतो. आय प्रॉमिस."

मावशींना राग आला होता आणि त्यांनी तो लपवला नाही. "माझ्याच हातांनी माझ्या मशीन बांधून घेतल्यास, तीही देवाचं नाव घेऊन. आता मला एकटीला उचलतोस? बाकीच्या चौऱ्याऐंशी जणांना काय सांगू, पूजा चालू आहे म्हणून?"

त्यांनी डबा नकुलच्या चकचकीत टेबलावर उपडा केला. कढीपत्ता मातीसकट त्याच्या कागदांवर आला. रिकामा डबा त्यांनी रुमालाने पुसून पिशवीत टाकला.

"डबा अर्जाबरोबर जाणार. घरी अजून तीन आहेत," त्या म्हणाल्या. "झाड तू ठेव, कुंडीत लाव. थंडीत पाणी कमी घाल."