रिकाम्या तळावरचं पाणी

लष्कराचा तळ बंद झाला आणि आमच्या लाँड्रीची भट्टीही विझली. तिथल्या जवानांचे कपडे मीच धुवायची. माझ्या हातची खळ दिलेली कॉलर मान मोडली तरी वाकत नसे. खर्च वाचवायचा म्हणून जवान दुसऱ्या तळावर हलवले. मागे पहारेकरी एकच उरला, माझा धाकटा. भरतीत छाती कमी भरली म्हणून नाकारलेला, त्याच्याच गळ्यात अख्खा तळ बांधला.

मग एक दिवस तळ बंद करणारे साहेब लाँड्रीच्या दारात उभे राहिले.

"बाई, तिथं चिटपाखरू नाही. तरी पाणी नि वीज आधीसारखीच चालू आहे. बचत कसली डोंबलाची! तुमचा मुलगा पाणी विकतोय. पोलिसात देणार मी त्याला."

"माझा मुलगा चोर? तोंड सांभाळा, साहेब. चला, आधी दाखवा मला कुठं पाणी मुरतंय ते."

भर दुपारी तिघं गेलो. धाकटा किल्ल्या घेऊन पुढे.

"आई, तू आत नको येऊस," एवढंच म्हणाला. मी कुणाचं ऐकलंय का कधी?

बराकीचं कुलूप गंजलेलं. तेल सोडलं तेव्हा उघडलं. आत न्हाणीघरात वाफ कोंडली होती. नळांची रांग ठिबकत होती, मोरीच्या जाळीवर साबणाचा फेस अजून फुटत होता. खाटा कधीच लिलावात गेल्या होत्या. जिथं त्या असायच्या तिथं साहेबांनी फरशीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढला.

"ऊब आहे," ते म्हणाले. "कोण राहतं इथं?"

"मला दिसत नाहीत, साहेब, नुसते ऐकू येतात," धाकटा म्हणाला. "आंघोळी उरकतात, नि मैदानावर जाऊन उभे राहतात. मीही रोज त्यांच्या ओळीत उभा राहतो."

मैदानावर नुसतं ऊन होतं. पण धुळीत टाचांचे ठसे होते, जोडी जोडीने, ओळीत. वारा होता तरी ते बुजत नव्हते. आणि वास आला. घामाचा, आणि माझ्या खळीचा.

साहेब ठशांपुढे थांबले.

"शेवटच्या दिवशी हुकूम माझाच होता," ते पुटपुटले. "ट्रकांचं भाडं चढत होतं. परेडमधूनच सगळ्यांना ट्रकात चढवलं. परेड सोडताना 'विसर्जन' म्हणतात, ते म्हणायचं राहूनच गेलं."

"मग आता म्हणा की! जीभ झडली का?"

साहेबांनी घसा खाकरला.

"विसर्जन!"

बूट आपटले. एकदम, एका ठेक्यात. जमीन माझ्या पायाखाली हादरली.

पावलं बराकींकडे निघाली.

शेजारी अजून एक टाच आपटली. माझ्या धाकट्याची.

जुडगा त्याच्या हातून गळून पडला. तो उजवीकडे वळला आणि चालू लागला, त्यांच्या ठेक्यात.

"अरे, कुठं निघालास?"

मान वळली नाही.

मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "बाळा!"

मैदानभर सगळी पावलं थांबली. माझ्याकडे वळली.

एकटा माझाच चालत राहिला.