सीताराम मास्तरांचं पान

वात वाढवू नकोस रे रघु, एवढा उजेड पुरे. आणि भिंतीला टेकून बसा सगळे, जिन्याकडे पाठ करून बसू नका.

रमाकांत धुरीला तुम्ही पाहिलेलं नाही. आमच्या या भोईवाड्याच्या चाळीत, जिन्याला लागून त्याची खोली होती. मिलच्या कचेरीत कारकून. तुम्ही इथं यायच्या आधीच, गेल्या वर्षी, रत्नागिरीकडे निघून गेला, पण जाण्याआधी याच गॅलरीत बसून त्यानं मला हे सांगितलं. सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या कौलांकडे बघत बोलत होता.

गिरगावात तेव्हा रोज कुठं ना कुठं सभा व्हायची. बेळगाव, कारवार, निपाणी म्हणून घसे बसायचे लोकांचे. फणसवाडीत सीताराम तुळसकर म्हणून एक मास्तर राहायचे, शाळेत चित्रकला शिकवायचे. ते म्हणायचे, घोषणा आपण सगळेच देतो, पण त्या लोकांच्या घरात मांडी घालून कुणी जेवलंय का? आणि एवढ्यावर न थांबता त्यांनी नाताळच्या सुट्टीत सहल काढायला सुरुवात केली. मुंबईची माणसं न्यायची. मिरजेपर्यंत गाडी, पुढं बेळगाव, तिथून भाड्याची बस. गावोगावची जुनी देवळं, शिलालेख, पडक्या गढ्या दाखवायच्या, आणि जेवण हॉटेलात नाही, गावकऱ्यांच्या घरी. कुठं मांडे, कुठं शेंगापोळी, कुठं नुसतं झुणका आणि कांदा. मास्तर बोलायला लागले की देवळातली दगडाची बाईसुद्धा आता मान वळवेल असं वाटायचं.

आणि बाकीचं सगळं रमाकांत करायचा. तिकिटं त्यानं काढायची, बसवाल्याशी भांडण त्यानं करायचं, कुणाला जुलाब झाले तर गोळ्या त्यानं द्यायच्या. परत आल्यावर दादर स्टेशनात लोक मास्तरांच्या पाया पडायचे, बायका डोळे पुसायच्या. आणि मग रमाकांतकडे वळून विचारायचे, "धुरी, माझी वळकटी कुठाय हो?"

हे त्याला खुपायचं. पहिल्या वर्षी थोडं, मग जास्त. मास्तरांचा प्रत्येक शब्द त्याला पाठ झाला होता. कुठल्या खांबापाशी थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, कुठं हसायचं, सगळं. मनात म्हणायचा, हे तर मीही बोलेन. मला कुणी बोलू देतंय का?

सत्तावन्नच्या भाद्रपदात मास्तर काविळीनं गेले. रमाकांतनं खांदा दिला. रडलाही, खरं रडला. पण स्मशानातून परत येऊन चाळीच्या नळावर पाय धुताना त्याच्या मनात आलं की यंदाची सहल माझी. तो मला म्हणाला, तात्या, त्या वेळी पायावर पाणी तसंच वाहत राहिलं आणि मला बरं वाटत होतं.

त्यानं मुद्दाम सगळी नवी माणसं गोळा केली. परळची, लालबागची, दादरची. मास्तरांना ओळखणारा एकही नको. म्हणजे तुलना नको.

पण गावांचं काय करणार? पहिल्या गावात बसमधून उतरताच विचारणा झाली, मास्तर कुठायत? रमाकांतनं सांगितलं, वारले. झालं, घरात रडारड सुरू. चूल विझली, भाकरी राहिली, आणि रात्रीपर्यंत मास्तरांच्या आठवणी. मुंबईची माणसं कान देऊन ऐकतायत, आणि रमाकांत कोपऱ्यात. दुसऱ्या गावात तेच. न पाहिलेल्या मास्तरांबद्दल सहलीतली माणसं आता त्यालाच विचारायला लागली, की कसे होते हो ते? मेल्यावरसुद्धा हा माणूस बाजूला होत नाही, असं त्याला झालं.

तिसरं गाव होसवाडी. बेळगावच्या पूर्वेला, काळ्या रानातलं. दिवस होता मार्गशीर्ष अमावास्येचा, शनिवार. त्या मुलखात तिला वेळअमावास्या म्हणतात. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही. सगळे आपापल्या शेतात जातात, कडब्याची खोप करतात, रानाची पूजा करतात आणि तिथंच जेवतात. बाजरीचे उंडे, सगळ्या शेंगाभाज्यांची घट्ट भज्जी, मडक्यात गार आंबील. वाटेनं जाणाऱ्यालासुद्धा हाक मारून बसवतात. सहल तिथं सुंदराबाई नावाच्या म्हातारीच्या शेतात जेवायची. मास्तरांचा तिच्यावर फार जीव.

म्हातारी खोपीबाहेर उभी होती. सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून तिची नजर फिरली आणि रमाकांतवर येऊन थांबली.

"मास्तर कुठं हाईत?"

रमाकांत मला सांगत होता, वारले हा शब्द ओठांवर आला होता. पण मागं त्याची माणसं उभी होती, पहिल्यांदाच त्याच्याकडे बघत. तो म्हणाला, "मास्तर आता मोठे झाले आजी. सभा, पुढारी, त्यांना सवड नसते. म्हणाले, तूच जा. होसवाडीत आता काय राहिलंय बघण्यासारखं?"

त्याच्या माणसांना वाटलं, म्हातारीला धक्का नको म्हणून असं सांगतोय. म्हातारी खोपीत गेली. थोड्या वेळानं रमाकांत पाणी प्यायला आत वाकला तर ती एक पान वेगळं मांडत होती. पळसाची पत्रावळ, बाजूला आंबिलीचा गडू.

"हे कुणाचं?"

"मास्तरांचं. अमावास्येला येतो म्हटलेत मला. तुमाला काय बी बोललं असतील. येतील की."

रमाकांत सांगत होता, त्या पानाकडे बघून जो राग आला तसा आयुष्यात कुणाचा आला नव्हता. जिवंत माणसं बाहेर बसलीत, आणि मानाचं पान मेलेल्याला.

दिवस कलला तसा तो आपल्या माणसांना घेऊन शेताच्या टोकाच्या महादेवाच्या देवळात गेला. लहानसं दगडी देऊळ, आत काळोख. त्यानं कंदील शिलालेखापाशी धरला आणि मास्तरांचे शब्द मास्तरांच्याच सुरात बोलायला लागला. वरच्या ओळी कानडी, खालच्या मराठी. एका बाईनं देवाच्या दिव्याला तेल लावून दिलं, त्याची ही नोंद. माणसं गप्प होऊन ऐकत होती. दादरची मृणालिनी सबनीस म्हणून एक कॉलेजातली मुलगी होती, ती तर खांबाला हात लावून उभीच राहिली. रमाकांतला वाटलं, जमलं. आता ही सहल माझी.

"आणि त्या बाईचं नाव..." तो म्हणाला.

नाव आठवेना. शंभरदा ऐकलेलं नाव.

"त्या बाईचं नाव..."

"चंदव्वा," मागून कुणीतरी म्हणालं.

माणसं हसली. कुणीतरी आधी वाचून आलंय असं त्यांना वाटलं असणार. रमाकांत हसला नाही. आवाज हळू होता, थोडा घोगरा, आणि शेवटच्या अक्षरावर जरा रेंगाळणारा. तसं ते नाव एकच माणूस घ्यायचा.

त्यानं कंदील वर केला. मागं भिंत होती. भिंतीपाशी कुणी नव्हतं.

तो म्हणाला, तुम्ही पुढं व्हा, जेवणं उरकून घ्या, मी आलोच. मंडळी गेली. तो थांबला. का थांबला हे त्याला सांगता आलं नाही. भीती होती. पण भीतीपेक्षा जास्त होतं ते दुसरंच. इथंही आलास? इथंही मला बोलू देणार नाहीस?

"कोण आहे?"

काही नाही.

"मास्तर?"

काही नाही... गाभाऱ्यातून पाण्याचा एक थेंब पडला. मग बराच वेळ दुसरा पडला नाही.

तो गाभाऱ्यात गेला. बाहेर आला. देवळाला फेरी घातली. कुणी नाही. फक्त मधूनच... त्याच्या पुढच्या कोपऱ्यावर कुणीतरी वळल्यासारखं. तो तिथं पोचला की पुढच्या कोपऱ्यावर. पळत नव्हतं ते. सावकाश चालत होतं. माणसांना देऊळ दाखवत चालावं तसं.

रमाकांतनं कंदील घट्ट धरला आणि शेताकडे चालत सुटला. मागं वळून पाहिलं नाही.

खोपीपाशी पोचला तेव्हा जेवणं झाली होती. शेकोटीभोवती सगळे हसत बसले होते. मृणालिनी उठून त्याच्याकडे आली. ती म्हणाली, "धुरी, या गावातही एक मास्तर आहेत, हे सांगितलं नाहीत तुम्ही. किती छान बोलतात ते! सगळ्यांना हातानं वाढलं त्यांनी. तुम्हालाच शोधायला देवळाकडे गेले, वाटेत भेटले नाहीत?"

रमाकांतनं खोपीत पाहिलं. ते वेगळं पान रिकामं होतं. बोटांनी पुसून घेतल्यासारखं स्वच्छ. गडू उपडा.

सुंदराबाईचा चेहरा नुसता फुलला होता. "मी म्हटलं न्हवं? आलेत. वाळलेत लई, डोळं पिवळं झाल्यात. खरं आलेत."

"काय... काय म्हणाले?"

"माझ्याबद्दल कायबी न्हाई. तुमचंच सांगत होते. म्हटलेत, रमाकांतचं पान झाकून ठेवा. दिवसभर तो राबतोय, म्हणून ही माणसं इथवर येत्यात. कुणी त्याला जेवलास का म्हणून विचारत न्हाई."

तिनं टोपलीखालचं पान काढून त्याच्यापुढं ठेवलं. उंडे, भज्जी, वर तुपाची धार. अजून कोमट.

रमाकांत मला म्हणाला, तात्या, त्यांनी माझा गळा धरला असता तर चाललं असतं.

त्यानं पान तसंच झाकून ठेवलं. माणसं बसकडे गेली, शेकोटी खाली बसली, तेव्हा तो म्हातारीजवळ जाऊन बसला.

"आजी, मी खोटं बोललो. ते असं काही म्हणाले नव्हते. ते भाद्रपदात वारले. मी खांदा दिला त्यांना."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. मग त्या रिकाम्या पानाकडे...



"मग जेवलं कोण?" ती म्हणाली.



ती रडली नाही. उठली, तांब्यात पाणी भरलं, खोपीबाहेर जाऊन बांधावर ठेवलं. अंधाराकडे तोंड करून म्हणाली, "मास्तर. हात धुऊन जावा."

वारा नव्हता. एक पान हलत नव्हतं. आणि मग बांधापलीकडची ज्वारी सळसळली. सगळी नाही. एकच ओळ. खोपीपासून देवळापर्यंत... हळूहळू... एकेक धाट बाजूला होत गेलं. आणि मिटत गेलं.

सहल पुढं झाली म्हणे नीट. रमाकांतला त्यातलं काही आठवत नाही. दादरला उतरला, लोकांच्या वळकट्या काढून दिल्या आणि घरी न येता तसाच फणसवाडीत गेला, मास्तरांच्या बायकोकडे, शांताबाईंकडे. होसवाडीचं सांगायचं असं ठरवून गेला होता, पण त्यांचं मोकळं कपाळ बघितलं आणि ते सांगवेना. एवढंच म्हणाला, की लोकांनी मास्तरांची फार आठवण काढली.

शांताबाईंनी ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. तळातून त्यांनी मास्तरांची खांद्याला लावायची खादीची झोळी काढली, सहलीला नेहमी न्यायचे ती. म्हणाल्या, यांचे दिवस झाल्यावर धुऊन ठेवली होती, तेव्हापासून कुलूप काढलं नाही. "हे म्हणाले होते, झोळी रमाकांतला द्या. माझ्याच्यानं ट्रंक उघडवत नव्हती."

रमाकांतनं झोळी घेतली. रिकामी, इस्त्रीची घडी तशीच. जिना उतरताना त्यानं सहज आत हात घातला. बोटांना गार लागलं.

हरभऱ्याचा डहाळा होता. मुळासकट उपटलेला, मुळांना काळी ओली माती. होसवाडीच्या त्या रानात ज्वारीच्या मधल्या ओळींत हरभरा पेरतात. पाना-पानावर दव तसंच होतं.

त्यानं बोट जिभेला लावलं. तुम्ही शहरातली पोरं, तुम्हाला ठाऊक नसेल. हरभऱ्याच्या पानावर आंब असते, ती उभ्या पिकावर असते तोवरच. डहाळा उपटून थोडा वेळ झाला की जाते.

बोट आंबट लागलं.