‘ढेकर’चं प्रमाणपत्र

कोणता चित्रपट मुलांना दाखवायचा आणि कोणता नाही, हे ठरवण्याचं काम कात्रीबाई एकोणीस वर्षं करत होत्या. कात्रीबाई हे नाव ऑफिसातल्या टायपिस्टने ठेवलं होतं, तेही चेष्टेने. कारण सगळ्या परीक्षकांत कमीत कमी कात्री चालवली असेल तर ती त्यांनीच. राक्षस, मुडदे, रक्ताच्या चिळकांड्या म्हटलं की बाकीचे नाकं मुरडायचे आणि बाई बाह्या सरसावून मुलांच्या बाजूने भांडायच्या. “मुलांना घाबरायला आवडतं,” त्या म्हणायच्या. “फक्त दिवे लागल्यावर ती भीती खुर्चीतच सोडून घरी जाता आलं पाहिजे.”

त्यामुळे ‘ढेकर’ त्यांच्याकडे आला तेव्हा निर्माता निर्धास्त होता. एका हॉटेलच्या तळघरात एक लठ्ठ, ओलाकच्च प्राणी राहतो. तो पाहुण्यांना गिळतो आणि थोड्या वेळाने ढेकर देतो. ढेकरेबरोबर पाहुण्याचे बूट, चष्मा, टोप वगैरे बाहेर येतं. हिंसा भरपूर, पण रक्त हिरवं आणि मरणाऱ्यांत एकही भला माणूस नाही. सुट्ट्या तीन आठवड्यांवर आल्या होत्या. ‘बारा वर्षांवरील मुलांसाठी’ एवढा शेरा मिळाला की निर्मात्याचं काम फत्ते. पहिल्यांदा पाहताना बाई स्वतः दोनदा खुदकन हसल्या होत्या. मॅनेजरच्या टोपाच्या वेळी आणि शेवटी, प्राण्याला उचकी लागते तेव्हा.

नियमाप्रमाणे अशा चित्रपटाचा एक खेळ मुलांना दाखवून बघायचा असतो. बुधवारी सकाळी साडेदहाला समोरच्या शाळेतून आठवीची नऊ मुलं आली. ऑफिसच्या तळमजल्यावर चाळीस खुर्च्यांचं छोटं थिएटर होतं. उठलं की बैठक आपोआप वर मिटणाऱ्या त्या खुर्च्या. लाल कापड बसून बसून तपकिरी झालेलं. मुलं पुढच्या दोन रांगांत बसली. बाई शेवटच्या रांगेत मधोमध, मांडीवर पॅड, हातात टोकाला दिवा असलेलं पेन. मुलं कुठे हसतात, कुठे डोळे झाकतात, ते मिनिटाप्रमाणे लिहायचं.

चौथ्या रिळापर्यंत सगळं सुरळीत होतं. मुलं खिदळत होती, एकमेकांना कोपरं मारत होती. पाचव्या रिळाच्या सुरुवातीला हॉटेलचा एक कॉरिडॉर दिसतो. दोन्ही बाजूंना बंद दारं, खाली गालिचा, टोकाला लुकलुकणारी ट्यूबलाइट. माणूस नाही, प्राणी नाही, आवाज नाही. अकरा सेकंद नुसता रिकामा कॉरिडॉर.

तिथे नऊही मुलं हसली.

बाईंनी मान वर केली. मुलं पडद्याकडे बघत नव्हती. सगळी मागे वळून त्यांच्याकडे बघत होती आणि पोट धरधरून हसत होती. पडद्याच्या उजेडात नऊ चेहरे. बाईंनी केसांवरून हात फिरवला. मुलं आणखीच हसली. मग पडद्यावर लिफ्टचं दार उघडलं, प्राणी बाहेर आला आणि मुलं पुन्हा समोर वळली.

खेळ संपल्यावर बाईंनी प्रश्नावली बाजूला ठेवली. “मागे वळून का हसलात रे? मला काय शिंगं फुटली होती?”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. हाताला प्लॅस्टर घातलेली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, “तुम्हाला नाही हसलो, बाई. तो तुमच्या शेजारी बसला होता ना, त्याला हसलो.”

“कोण? तो ढेकरवाला?”

“नाही हो. दुसरा. तुमची नक्कल करत होता. तुम्ही लिहिलंत की तोही लिहायचा. केसांवरून हात फिरवलात तर त्यानेही फिरवला.”

“दिसायला कसा होता?”

मुलगी जरा अडखळली. “तुमच्यासारखाच. पण त्याला नीट जमत नव्हतं.”

बाकीच्या आठ जणांनी माना डोलावल्या. कुणाच्याही चेहऱ्यावर चावटपणा नव्हता.

मुलं गेल्यावर बाईंनी ऑपरेटरला पाचवं रीळ पुन्हा लावायला सांगितलं. ऑपरेटर तीस वर्षं याच कामात मुरलेला गडी. त्याने फिल्म उजेडासमोर धरून तपासली. “बाई, यात काही नाही. रिकामा कॉरिडॉर आहे.” बाईंनी घड्याळ लावून पाहिलं. अकरा सेकंद. उठताना त्यांची नजर शेजारच्या खुर्चीवर गेली. साऱ्या रांगेतल्या बैठका वर मिटलेल्या होत्या. ही एकच खाली होती. स्प्रिंग गेली असणार, असं म्हणत त्यांनी ती हाताने वर ढकलली. ती चटकन मिटली. स्प्रिंग ठणठणीत होती.

घरी नवऱ्याला त्यांनी जेवताना हे सांगितलं. नवरा दाताचा डॉक्टर, त्याला प्रत्येक राक्षसाबद्दल एकच कुतूहल. “दात किती आहेत गं त्याला?”

“अहो, मी काय सांगतेय!”

“मुलं आहेत. तुझी फिरकी घेतली.”

“एक मूल फिरकी घेईल. नऊ मुलं एकाच क्षणी वळत नाहीत.”

“मग आता काय लिहिणार?”

“अजून काही लिहिलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “विचार केल्याशिवाय लिहिणारही नाही.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून घेतलं ते हसतमुखाने. “शाब्बास बाई, वेळेआधी अहवाल! निर्मात्याचे सकाळपासून तीन फोन आले.” त्यांनी कागद पुढे सरकवला.

बाईंचं अक्षर. ‘र’ला काढायची त्यांची सवयीची शेपटी, खाली त्यांची सही, सहीखाली दोन रेघा. हिंसा विनोदी स्वरूपाची, भीती सौम्य, बारा वर्षांवरील मुलांसाठी योग्य. शेवटची ओळ बाईंनी दोनदा वाचली.

‘मुले या चित्रपटाला नक्की आवडतील.’

“हे मी लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

“काल संध्याकाळी तुम्हीच तर ठेवून गेलात. मी इथेच बसलो होतो. नमस्कार केला तुम्हाला.”

“मी बोलले काही?”

साहेबांनी आठवून पाहिलं. “नाही. हसलात फक्त.”

“ही ओळ वाचा.”

साहेबांनी वाचली. “लिहिताना उलटसुलट झालं असेल. मुलांना चित्रपट आवडेल, असं म्हणायचंय तुम्हाला. टायपिस्ट दुरुस्त करेल.”

बाईंनी कागद उचलला, त्याचे चार तुकडे केले आणि साहेबांच्या टेबलावर ठेवले. 

“बाई, हे सरकारी कागद आहेत!”

“सही माझी नाही, म्हणजे तो माझा कागद नाही. माझं मत हवं असेल तर मी समोर उभी आहे, विचारा. हा चित्रपट मुलांना दाखवायचा नाही.”

“कोणत्या नियमाखाली? तुम्हीच आजवर म्हणत आलात ना, हिरव्या रक्ताने कुणी बिघडत नाही म्हणून? निर्माता वर गेला तर मी काय सांगू? मुलं मागे वळून हसली म्हणून अडवला?”

“तेच सांगा.”

“वेड्यात काढतील.”

“काढू देत. एकोणीस वर्षं मुलांच्या वतीने मी भांडले, तेव्हाही काढतच होते.” बाईंचा आवाज चढला नव्हता. “नियमात याचं नाव नाही म्हणून मी डोळ्यावर कातडं ओढून घेणार नाही. हवं तर आज दुपारी माझ्याबरोबर बसा. पाचवं रीळ बघा. नंतरही तुम्हाला सही करावीशी वाटली तर करा. पण माझ्या नावाखाली नाही.”

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि हो म्हटलं.

अडीच वाजता साहेब दुसऱ्या रांगेत बसले. बाई मुद्दाम आपल्या कालच्याच जागेवर. शेजारची बैठक वर मिटलेली आहे, हे त्यांनी बसण्याआधी पाहून घेतलं. ऑपरेटरने दिवे घालवले.

कॉरिडॉर आला. बंद दारं. गालिचा. लुकलुकणारी ट्यूब.

बाईंनी मनात मोजायला सुरुवात केली. नऊ, दहा, अकरा.

लिफ्टचं दार उघडलं नाही.

बारा. पंधरा. वीस. मशीनची घरघर चालू होती, पडद्यावर कॉरिडॉर तसाच.

शेजारी बैठक करकरली. कुणी जपून बसावं तशी.

बाईंना डावीकडे बघावंसं वाटलं. मान आपसूक वळू लागली होती. त्यांनी ती आवरली. त्यांनी पेन पॅडवर टेकवलं. डाव्या बाजूला, एका श्वासाच्या अंतराने, कागदावर पेन टेकल्याचा आवाज आला.

तीस. पस्तीस.

पुढे साहेबांनी मागे वळून पाहिलं. आधी बाईंकडे. मग बाईंच्या शेजारी. त्यांचं तोंड हसायला उघडल्यासारखं उघडलं आणि तसंच राहिलं.

“मुलं नाही मिळणार,” बाई पडद्याकडे बघत मोठ्याने म्हणाल्या. “मी आहे तोवर नाही. हवं तितकं शेजारी बस.”

लिफ्टचं दार उघडलं. प्राण्याने ढेकर दिली.

दिवे लागल्यावर साहेब ताडकन उठले. फाइल मागवली, उभ्याउभ्याच ‘फक्त प्रौढांसाठी’ असं लिहिलं, सही केली.  बाहेर जाताना त्यांनी बाईंसाठी दार धरलं. बाई पुढे गेल्या. साहेब आणखी थोडा वेळ दार धरून उभे राहिले, अंग चोरून, मागून अजून कुणी यायचं असल्यासारखे. मग त्यांनी ते सोडलं.

बाई आपल्या टेबलाशी आल्या. अहवाल त्यांनी स्वतः टाइप केला, हाताने एक अक्षरही लिहिलं नाही. त्यात अर्धा तास गेला. निर्माता ओरडेल, वरून चौकशी येईल, कदाचित बदली होईल. होऊ दे. कालपासून पहिल्यांदाच त्यांना मोकळं वाटत होतं. शाळेला निकाल कळवायचा रिवाज होता, म्हणून त्यांनी फोन फिरवला. मुख्याध्यापिकांनीच उचलला.

“नमस्कार. मी समोरच्या ऑफिसातून बोलतेय. कालच्या चित्रपटाबद्दल कळवायचं होतं. मुलांसाठी तो नाकारलाय.”

“कोण बोलतंय?”

“मी. काल मुलांचा खेळ घेतला तीच.”

 मग मुख्याध्यापिका हळू आवाजात म्हणाल्या, “असं कसं? तुम्ही तर आठवीच्या वर्गात आहात. वीस मिनिटं झाली येऊन. मीच तुम्हाला वर्ग दाखवला.”

बाईंची मूठ रिसीव्हरवर आवळली. “मी माझ्या टेबलाशी आहे. ऐका. मुलांना वर्गाबाहेर काढा. आत्ताच्या आत्ता. सगळ्यांना.”

“पण मुलं तर मजेत—”

“काढा म्हणतेय ना!”

रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवल्याचा आवाज आला. मग फरशीवरून दूर जाणारी पावलं. एक दार उघडलं, आणि आतून मुलांच्या हसण्याचा लोट आला. खूप मुलं, एकदम, श्वास न घेता. बाई कान लावून वाट बघत राहिल्या. मुख्याध्यापिकांचा आवाज आला, “चला, सगळे बाहेर...” आणि वाक्य मध्येच तुटलं.

मग मुख्याध्यापिकाही हसू लागल्या.

बाई उभ्या राहिल्या. एका हाताने त्यांनी पर्स खांद्याला लावली, चपलेत पाय सरकवले. दुसऱ्या हातात रिसीव्हर होता.

“मी येतेय,” त्या रिसीव्हरमध्ये म्हणाल्या. ते मुख्याध्यापिकांना उद्देशून नव्हतं. “ऐकलंस? मी स्वतः येतेय.”

हसणं चालूच होतं, वर्गातून, लांबून. पण पलीकडे, फोनच्या अगदी जवळ कुणीतरी हळूच श्वास सोडला, आणि रिसीव्हर उचलून अलगद जागेवर ठेवला.