धोबीपछाडचा हट्टी व्हॉल्व्ह

धोबीपछाड जिंकला असता, तरी वकीलच्या वाट्याला तसं फारसं येणार नव्हतं. चषक तिघांच्या घरी आळीपाळीने राहणार, म्हणजे तो पुसायची पाळीही आलीच. फोटोत भोंगा सगळ्यांच्या पुढे घुसणार, हे ठरलेलं. तिचा खरा फायदा वेगळा होता आणि तो तिने कुणाला सांगितला नव्हता. रोबो बघायला काका एकदा तरी वरच्या खोलीतून खाली उतरला असता.

धोबीपछाड हा त्यांचा लढाऊ रोबो. पत्र्याचं अंग, खेळण्यातली चाकं आणि पुढे एक लोखंडी हात. हा हात समोरच्या रोबोच्या पोटाखाली सारायचा, दाबलेली हवा सोडायची, की प्रतिस्पर्धी उताणा. वकील म्हणजे वादात कुणाला हार न जाणारी मुलगी. भोंग्याची कुजबुज गल्लीच्या टोकाला ऐकू यायची. गोगलगाय सगळं सावकाश करायचा, पण नीट करायचा. सुट्टी लागल्यापासून तिघं वकीलच्या घराखाली, काकाच्या कामाच्या खोलीत पडीक होते. काका स्वतः तिथे आता येत नसे.

हवा सोडणारा व्हॉल्व्ह तेवढा घ्यायचा राहिला होता. दुकानदाराने काचेवर दोन ठेवले.

"हा एका कॉइलचा. करंट आहे तोवर उघडा. करंट गेला की आतली स्प्रिंग त्याला मागे ढकलते. हा दुसरा दोन कॉइलचा. एकीला जरा करंट दिला की उघडला, दुसरीला दिला की बंद. मधल्या वेळात करंट लागतच नाही."

"म्हणजे बॅटरी वाचते," गोगलगाय म्हणाला.

"वाचते. पण हट्टी आहे हो हा. जिथे बसवला तिथे बसून राहणार, कुणी उठवेपर्यंत."

"आमच्या वकीलसारखा," भोंगा म्हणाला.

"हवा कुठला जास्त सोडतो?" त्याच्याकडे लक्ष न देता वकीलने विचारलं.

"दोन्ही सारखेच. खोक्यांच्या कारखान्याचा फोरमन मागे हा दोन कॉइलचाच घेऊन गेला. त्याला खरं तर स्प्रिंगचा हवा होता, पण संपला होता माझ्याकडे. म्हणाला, स्क्रूची भोकं जुळतात ना, मग द्या."

त्या कारखान्याचा विषय निघाला की वकीलला तिथून निघावंसं वाटायचं. तिने दोन कॉइलचा उचलला आणि ती पायऱ्या उतरली.

दुपारी चाचणी झाली. रोबो टेबलाखाली ठेवून सायकलच्या पंपाने त्याच्या टाकीत हवा भरली. गोगलगायीने बटण दाबलं. हात उसळला आणि टेबलाखालच्या आडव्या फळीला अडकून राहिला.

"आधी बॅटरी काढ," वकील म्हणाली. भोंग्याने वायर उपटली. रोबोवरचा दिवा विझला. मग गोगलगायीने निर्धास्तपणे फळी सरकवली, आणि लोखंडी हात फाडकन वर आला. गोगलगायीच्या ओठातून रक्त आलं.

"करंट नव्हता," भोंगा जन्मात पहिल्यांदा हळू बोलला. "शपथ. ही बघ वायर."

वकीलने वायर बघितली नाही. ती तिथेच खाली बसली.

काकाचा उजवा हात कारखान्यात पुठ्ठा दाबणाऱ्या, हवेवर चालणाऱ्या प्रेसखाली सापडला होता. तीन बोटं गेली. मालक आणि फोरमन घरी भेटायला आले, तेव्हा काका म्हणाला होता, "पुठ्ठा अडकला, तेवढ्यात लाइट गेली. म्हटलं, प्रेस बंद पडलाय. म्हणून पुठ्ठा ओढला." आणि चार माणसांत आपली हुशारी दाखवायची संधी कशाला सोडा, म्हणून वकीलने विचारलं होतं, "पण लाइट नव्हती, तर प्रेस खाली आला कसा?"

फोरमनने ते वाक्य वरच्या वर झेललं. "पोरीला कळतं ते तुला कळत नाही? डुलकी लागली म्हण की सरळ." काकूने मान खाली घातली. काकाने पुतणीकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "लागली असेल डुलकी." त्यानंतर त्याने ती हकीकत कुणाला सांगितली नाही.

"टाकीत हवा होती," वकील आता म्हणाली. "व्हॉल्व्ह उघडाच बसला होता. फळी निघाली, हाताला वाट मिळाली. काकाने पुठ्ठा ओढला, प्रेसला वाट मिळाली. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असता, तर लाइट गेल्याबरोबर प्रेस आपणहून वर गेला असता."

गोगलगायीने ओठावरचा रुमाल काढला. "चल, मालकांना सांगू."

"आपलं कोण ऐकतंय? सांगायचंच नाही."

दुसऱ्या दिवशी तिघं रोबो घेऊन कारखान्यात गेले. "स्पर्धेआधी तुमच्यासारख्या जाणकाराची नजर पडली तर बरं," भोंग्याने फोरमनला सांगितलं. फोरमन फुलला. गंमत बघायला मालकही बाहेर आला. वकीलने बटण दाबून रोबोचा हात बाकाच्या फळीखाली अडकवला, बॅटरी सोडवली आणि ती फोरमनच्याच हातात दिली.

"अडकलाय बघा. तेवढी फळी काढता का?"

फोरमन वाकला. त्याचा हात पुढे गेला. मग त्याची नजर व्हॉल्व्हवर, त्याच्या दोन कॉइलवर गेली, आणि हात मागे आला.

"काढा ना," वकील म्हणाली. "करंट नाहीये."

"आधी टाकीतली हवा सोड," फोरमन बोलून गेला.

"का? लाइट नसताना चालेल कसा?"

मालकाने फोरमनकडे बघितलं, मग आतल्या प्रेसकडे. "उघड तो," तो म्हणाला.

प्रेसच्या व्हॉल्व्हलाही दोन कॉइल निघाल्या. "ऑर्डर अडली होती," फोरमन जमिनीकडे बघत म्हणाला. "स्प्रिंगचा आला की बदलणार होतो. राहून गेलं."

संध्याकाळी मालक घरी आला. "डुलकी नव्हती. चूक आमची," तो काकाला म्हणाला. मुलांची पाठ थोपटून पुढे म्हणाला, "अशी हुशार मुलं घरोघरी हवीत." काकूने चहा केला, त्याच्यासमोर कप ठेवला आणि ती आत निघून गेली.

तो गेल्यावर वकीलने तोंड उघडलं. "काका, मी तेव्हा..."

"तू विचारलंस ते बरोबरच होतं. मलाच उत्तर येत नव्हतं." काका म्हणाला. "पण ते गेल्यावर विचारायचं होतंस गं."

वकील म्हणवणाऱ्या पोरीने 'चुकलंच' म्हटलं आणि खाली जाऊन रोबोचा हट्टी व्हॉल्व्ह सोडवायला घेतला.

धोबीपछाडला त्यांनी स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवला. त्याने बॅटरी भराभर खाल्ली आणि दुसऱ्या फेरीत रोबो मधेच थंड पडला. तेव्हा हिशेब असा लागला: फोरमनची नोकरी टिकली, फक्त प्रेसच्या किल्ल्या गेल्या. मालकाने चूक कबूल केली, पण त्याला तोशीस पडली नाही. गोगलगायीचा ओठ भरून आला. चषक दुसऱ्याच कुणाच्या घरी गेला. आणि वकीलचा फायदा तिला पुरता मिळाला, काका खाली उतरून स्पर्धेला आला होता. सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा त्याने डाव्या हाताने मांडीवर थाप मारली. उजवा खिशातच होता.