समुद्रापल्याडच्या चार बाटल्या

"असल्यापरीस बैलाच्या खांद्याला चोळायचं तेल बरं," उकंडराव माझ्या कानाशीच कुरकुरले. "राळ हाय ही, राळ! मोहन्यानं इतक्या दुरून आनली, अन् आनली काय? तर राळ!"

कुरकुर चालू होती, पण हातातली वाटी काही त्यांनी खाली ठेवली नाही.

सेहेचाळीस सालचा भादवा. हिंगोलीच्या बाजारात आमचं मोहाच्या दारूचं दुकान. त्या दुपारी सरकारी डेपोतून माल आला नव्हता, म्हणून मी फळ्या लावून घेतल्या होत्या आणि मागच्या ओसरीवर आम्ही चौघं बसलो होतो. उकंडराव साखरा गावचे शेतकरी. आमचं गिऱ्हाईक, पण घरचेच होऊन बसलेले. इब्राहीमभाई समोरचे घड्याळवाले. ते पीत नसत, नुसता वास घेत. "वासाला मनाई न्हाई," म्हणत. चौथे मोहनसिंग. लढाईत फौजेची लॉरी चालवायला गेलेले आणि महिन्यापूर्वी ग्रीस देशातून परतलेले. दाराआड माझी सासू, जिवनबाई, लसूण सोलत होती.

मोहनसिंगांनी किटबॅगेतून चार बाटल्या काढल्या होत्या. प्रत्येकीला लोकरीचा मोजा घातलेला.

"बाजारात दुसऱ्या कोनाला दाखवल्या न्हाईत," ते म्हणाले होते. "पारख करायला कलालाचंच घर पायजे."

कलालाच्या घरची बाई दारू पीत नाही, पारखते. थेंब तळहातावर चोळायचा, हुंगायचा, मग जिभेच्या शेंड्यावर ठेवायचा आणि चूळ भरून टाकायचा. हे मला सासूनंच शिकवलं.

उकंडरावांची पारख निराळी. त्यांनी चमचाभर दारूला काडी लावली. चांगली मोहाची असेल तर निळी पेटते. ही काडीच विझवून बसली.

"फसवलं तुला गोऱ्यांनी! पानी हाय हे!"

"काका, ही भट्टीतून काढत न्हाईत," मोहनसिंग हसून म्हणाले. "द्राक्षं पायानं तुडवायची, रस मुरवायचा. चुलीचा संबंधच न्हाई. अन् ही राळेची त्यांची रोजची. झाडाचा डिंक मुद्दाम घालतात."

इब्राहीमभाईंनी डोळे मिटून हुंगलं. "लोबान. दर्ग्यात बसल्यावानी वाटून राहिलं."

दुसरी बाटली काळसर तांबडी, नाउसा नावाच्या डोंगरगावची. मोहनसिंगांनी वाटी माझ्यापुढे सरकवली. बोटं वाटीवरून उचलायला त्यांना जरा उशीरच झाला...

"सांगा."

"काय सांगू?"

"तुमच्या जिभेला काय कळलं ते."

"जीभ आखडली. कच्चं जांभूळ खाल्ल्यावानी."

"अजून?"

"आधी रागावते. मग —"

"मग?"

"मग तेवढी वाईट न्हाई."

"म्हंजे मानसावानीच म्हना की."

"कोन्या मानसावानी?"

"हाय एक... दुकानात बसते. परत आलो त्या पहिल्याच दिवशी मान वर न करता म्हनली, माल न्हाई, उद्या या."

उकंडराव आढ्याकडे बघू लागले. इब्राहीमभाई चालू घड्याळालाच किल्ली देत बसले. आणि मी — सव्वीस वर्षांची बाई — उगीचच पदर सारखा करत राहिले.

एक गोष्ट आम्हा सगळ्यांच्या लक्षात आली होती, पण ती कुणी बोलून दाखवली नव्हती. लढाईवर जाण्याआधी मोहनसिंग मला 'भाभी' म्हणत. परत आल्यापासून नुसतंच 'तुमी'. मीही 'भाऊजी' म्हणायचं विसरले होते. म्हणजे विसरले नव्हते...

माझा नवरा किसनसिंग त्यांच्याच लॉरीवर होता. त्रेचाळीस साली फौजेचा कागद आला. इब्राहीमभाईंनी तो मनात वाचला, सासूचा चेहरा बघितला आणि मोठ्यानं सांगितलं, "किसन दुश्मनच्या कैदेत हाय. खुशाल हाय." खरं काय ते त्यांनी मला सांगितलं संध्याकाळी, विहिरीपाशी. सासूच्या छातीत कळ यायची, तिला ते सोसलं नसतं. म्हणून मी कुंकू ठेवलं, बांगड्या ठेवल्या, रडायचं ते विहिरीवरच. मग लढाई संपली. कैदी आपापल्या गावी आले. आमचा मात्र कैदेतच. सासूनं कधी विचारलं नाही, आम्ही कधी सांगितलं नाही. असं खोटं बोलायला सोपं असतं, रोज त्याच्यासोबत जेवायला बसणं कठीण.

आणि शुक्रवारच्या गाडीनं मोहनसिंग सिकंदराबादला चालले होते, मोटारीवर नोकरीला. "खोली देतात," त्यांनी भिंतीला सांगितलं होतं. "दोघांला पुरंल." दुसरं कोण, ते भिंतीनं विचारलं नाही. मी विचारायचं, तर सासूच्या लेखी मी जिवंत माणसाची बायको होते.

तिसरी सायप्रस बेटाची, काकवीसारखी दाट. उकंडराव एकदम खूश झाले. "ही दारू म्हनायची! पोळीवर घालून खावी."

चौथीचा मोजा मोहनसिंगांनी सावकाश उतरवला. आत मधाच्या रंगाचं काहीतरी उन्हात चमकलं.

"सामोस. हेबी बेटच. एका म्हातारीनं दिली. तिच्या अंगनात लॉरी बंद पडली होती, दुरुस्त होईस्तवर तिनं मला लेकरावानी जेवू घातलं."

मी थेंब जिभेवर ठेवला. द्राक्षं, केवडा, मध... चूळ भरायला तांब्या उचलला आणि तसाच धरून बसले. जन्मात पहिल्यांदा मी गिळलं. मोहनसिंगांनी ते बघितलं. हसले नाहीत, नुसतं बघत राहिले.

"शुक्कीरवारी जानारच का?" मी हळूच विचारलं.

"कोनी थांब म्हनलं तर..."

"मलाबी द्या की," दारातून आवाज आला.

सासू उंबरा ओलांडून आली, लसणाचे हात लुगड्याला पुसत. खाली बसली. वाटी घेतली, चोळलं, हुंगलं, जिभेवर ठेवलं.

"गोड हाय. किसनाला गोडाचं लई याड." तिनं मोहनसिंगांकडे पाहिलं. "त्यानं पेली का ही?"

"न्हाई, माय."

"काहून?"

मोहनसिंग बाटलीला परत मोजा घालू लागले. उकंडराव उठायला लागले. इब्राहीमभाईंनी त्यांचं धोतर धरून त्यांना खाली बसवलं.

"तवा तो... दुसरीकडं होता," इब्राहीमभाई म्हणाले.

"तू गप, इब्राहीम. तुला कागद वाचता येतो, मला तुझं तोंड वाचता येतं. त्याच दिवशी वाचलं."

मी तांब्या खाली ठेवला. "सासूबाई, मंग तुमी बोलल्या का न्हाई?"

"मी बोलले असते, तर तू बांगड्या फोडून माहेरी गेली असती. मी एकटी पडले असते या घरात." तिनं वाटी खाली ठेवली. "तुमाला वाटून राहिलं, तुमी म्हातारीला जपता. हे खोटं जपलं म्यांच, माझ्यासाठी. तीन वर्सं हिला बांधून ठेवलं."

तिनं माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. बांगड्यांवरून अंगठा फिरवला. मग मोहनसिंगांकडे वळली.

"माझा किसना मेला, मोहन. तू तुझ्या हातानं माती दिली असंल त्याला. आपल्यात नवरा गेलेलीचा पाट लागतो. काय विचारायचं ते हिला विचार आता — माझ्या देखत."